करीमभाईंच्या गाठी

सोम., ४ मार्च ६३. मेहकर.
अकोल्याचा विक्रेता पुन्हा आला, या वेळी चित्रांचं पुस्तक घेऊन. लोखंडी कपाट, बत्तीस खण, दर खटल्याला पुठ्ठ्याचं एक कार्ड, कार्डं तारखेवार. नाहीतर जाड रजिस्टर, दर दिवसाला एक पान. रजिस्टर सुटसुटीत, पण कपाटाला रुबाब आहे!
आमच्याकडे काय, तर गाठोडी. मुन्शी करीमभाई वडिलांच्या वकिलीपासून दर खटल्याचे कागद रंगीत फडक्यात बांधत आलेत. टोकाला गाठी. ऑफिस कसलं, रंगाऱ्याचं दुकान. तारखा मी कधी लिहून ठेवल्याच नाहीत; करीमभाई सांगतील तशी पक्षकारांना पोस्टकार्डं तेवढी टाकतो. सकाळी ते सांगतात, मी कोट चढवतो.
त्यांना विचारलं, कपाट आणू का?
"तुमचं हापिस हाय साब. पन मले इचारल्याबिगर फडके सोडू नोका."
हो म्हटलं.

गुरु., १४ मार्च.
कपाट आलं. चार हमाल, दारात अडकलं. इंदू म्हणाली, घरात माणसं राहायची की हे? बायकोला शिस्तीचं काय!
क.भाई उद्यापासून दहा दिवस खामगावला, मुलीचं लग्न. ते परतायच्या आत सगळं लावून टाकायचं. चकित होतील.

रवि., १७ मार्च.
सगळी गाठोडी सोडली. कागदांवर सापडल्या त्या तारखा कार्डांवर चढवल्या. फडकी इंदूनं धुऊन दोरीवर टाकली. ऑफिस एकदम मोठं दिसतं. पाच-सहा खटल्यांना तारीखच सापडेना. येतील तेव्हा क.भाईंना विचारू.

गुरु., २१ मार्च.
दिवसभर खणांना चिठ्ठ्या डकवल्या. दुपारी दुसरबीडची गयाबाई धापा टाकत आली. विधवा बाई. दिरानं तिचं शेत स्वतःच्या नावावर चढवून घेतलंय, त्याचा आपला दावा.
"वकीलसाहेब, चाला ना. कोर्टात तुमची वाट पाहून राह्यली मी."
कार्ड काढून दाखवलं. २८ मार्च. म्हटलं, बाई, आठवडाभर आधी आलात.
कमरेची एक चिंधी काढून म्हणाली, "पन माही तं सरली."
चिंधीवर काय तारीख लिहिलीय का, म्हणून हसलो. परत पाठवली. कपाटाचा पहिला उपयोग झाला असंही मनात आलं.

शुक्र., २२ मार्च.
कोर्टात शिरस्तेदार म्हणाले, काल गयाबाईचा दावा गैरहजेरीत फेटाळला गेला. शिपायानं दोनदा पुकारलं. वादी नाही, वकील नाही. दिराचा वकील हजर होता.
ती हजर होती. मलाच बोलवायला आली होती. मी तिला

रवि., २४ मार्च.
क.भाई आले. दोरीवरची फडकी पाहून दारातच बसले. लग्नाचे पेढे हातातच.
"गाठी कोन सोडल्या?"
मी.
मग त्यांनी सांगितलं: मोठी गाठ म्हणजे एक आठवडी बाजार, बारीक गाठ म्हणजे एक दिवस. तश्शीच चिंधी पक्षकाराकडे. दर बाजाराला एक सोडायची; सरल्या की कोर्ट. कोर्टानं गयाबाईची तारीख अठ्ठावीसवरून आठवडाभर अलीकडे घेतली, तेव्हा त्यांनी दोन्हीकडची एकेक गाठ सोडली. कागदावर जुनीच राहिली. लेकीच्या लग्नाच्या गडबडीत मला सांगायचं राहिलं, म्हणून स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला लागले. मी हात धरला.
वीस वर्षं मला वाटत आलं, पक्षकार माझ्या पोस्टकार्डांमुळे वेळेवर येतात. वाचता कितीजणांना येतं, हे कधी विचारलं नाही. लाज वाटते.

सोम., २५ मार्च.
दावा पुन्हा बोर्डावर घ्यावा म्हणून अर्ज. सोबत माझं प्रतिज्ञापत्र: वादी हजर होती, मीच तिला चुकीची तारीख सांगून परत पाठवलं. बाररूममध्ये एकजण म्हणाला, एवढं कशाला लिहिता, बाई आजारी होती म्हणा. नाही म्हटलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. दिराला नोटीस. अर्ज मंजूर होईलच असं नाही. नाही झाला तर पेरणी दिराचीच.

बुध., २७ मार्च.
गयाबाईला बोलावून सगळं सांगितलं. रागावली असती तर बरं. म्हणाली, "मले वाटलं, म्याच मोजाले चुकली." सहा दिवस तेच मनात घेऊन बसली होती.
अर्जाच्या तारखेला अजून तीन बाजार, दोन दिवस. क.भाईंनी दोन चिंध्या माझ्यापुढे ठेवल्या. "आता गाठी तुमी मारा साब." मारल्या. घाम आला.
गयाबाईनं पहिली गाठ नखानं सोडून पाहिली. सुटेना.
"इतकी करकचून नोका मारू, साहेब. मले सोडाची हाय."
पुन्हा मारली, सैल. तिची ती घेऊन गेली. दुसरी माझ्या कोटाच्या खिशात आहे.