जुनी बस ढकलताना

पंचशीला, बेंगळुरूहून तुझ्या माणिकचा सप्रेम जयभीम.

मी खुशाल हाय. म्हातारपणी मेंदू कसा चालतोय, ते इथं बघायलेत. दुखत न्हाई. सांबार तेवढं गोड हाय.

डॉक्टरीणबाईनं मशिनीत निजवलं अन् चार शब्द सांगून उलटे म्हणायला लावले. तीस वर्षं बसवकल्याण-उमरगा बसचा कंडक्टर मी, परतीच्या फेरीला थांबे उलटेच म्हणायचो. फटाफट म्हणलो!

मग तिनं पडद्यावर दाखवलं. एवढ्या कामाला तरण्यांच्या डोक्याची एकच बाजू पेटतीय, माझ्या दोन्ही पेटल्या. म्हणलं, "बाई, बस जुनी झाली की समद्या पॅसेंजरला उतरून ढकलावं लागतंय." पण शब्द वाढवले, तसं समद्यांनी ढकलूनबी बस हलंना. "वयाचं हाय," म्हणली. पोराला सांगू नको.

गुडघ्याला तेल लावायलीस का? शेळी व्याली का?

मी फोन उचलंना म्हणून घाबरली असशील. "सामान बघून उतरा" म्हणून जन्मभर वरडलो, अन् माझाच फोन सीटवर राहिला. दुसऱ्याच्या फोनवरून लावला असता, पण तुझा नंबर कुठं पाठ हाय? पत्ता तेवढा पाठ हाय.

पुढल्या शनिवारी सकाळच्या बसनं येतो. तू स्टँडवर ये. कुठं उतरायचं ते मला ठाऊक हाय, तरीबी ये.

तुझाच,
माणिक, रिटायर कंडक्टर