मागची गाडी दिसेपर्यंत

भंडारा,
१६ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. विजूस,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. भैय्यालालजींच्या तब्येतीची आणि मुलांच्या अभ्यासाची चौकशी मी नऊ वर्षांनी करते आहे, हे मला कळतं. त्यावर काही लिहू नकोस.

शाळा परवा उघडली. हजेरी निम्मी. भाऊबीजेनंतर रोज कुठल्या ना कुठल्या गावची मंडई, जत्रेसारखी गर्दी, घरोघरी पाहुणे. शाळा आठवते कुणाला?

यंदा मीही गेले होते. रविवारी, मोटारसायकलवर. हसून घे. आमचे चित्रकलेचे टेकचंद मास्तर चांदपूरकडचे, दिवाळीपासून गावीच. त्यांच्या गावच्या मंडईला पाच गाड्यांवर नऊ शिक्षक निघाले आणि मला नावापुरतं विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. व्यायामशिक्षक जागेश्वर यांच्या राजदूतवर मागे बसले; पदर कमरेला खोचून, चष्म्याला दोरी बांधून. आमची गाडी सगळ्यांत पुढे.

तुमसर सोडल्यावर रस्ता तलावांच्या पाळींना वळसे घालत जातो. धुकं होतं. दिसत काही नव्हतं, नुसता धानाचा वास. कापलेल्याचा वेगळा, उभ्याचा वेगळा. वळण आलं की गाडी कलायची, मी कलायची, आणि उजवीकडचं पाणी डावीकडे यायचं, जणू कुणी तलावच उचलून पलीकडे ठेवला. शिंगाडे काढणारे ढिवर धुक्यावरच बसलेत असं वाटे. मागच्या गाड्यांचा आवाज येई, विरून जाई. एकदा तर वाटलं, आपली गाडीही बंद आहे, आणि तरी आपण चाललो आहोत. बावन्न वर्षांची बाई मी, पण त्या दोन तासांत मला वय नव्हतं. असलं काही मला लिहिता येत नाही. तुला येत असे.

जागेश्वर प्रत्येक वळणावर, प्रत्येक फाट्यावर गाडी उभी करत होते. मागची गाडी दिसली की हात वर करायचा, मगच पुढे. दोन-तीनदा झाल्यावर मी म्हटलं, ही वेळेची उधळपट्टी आहे.

"बाई, मांगचा दिसल्याबिगर पुढचा हालत नाही," ते म्हणाले. "आमचा कायदा हाये."

कायदा पाळणारा माणूस मला आवडतो.

सिहोऱ्याच्या अलीकडे, मोहाच्या झाडापाशी ते पुन्हा थांबले. धुकं निवळलं होतं, पाटी वाचता येत होती. तुमच्या गावचा फाटा. तुमच्याकडेही त्याच दिवशी मंडई. डफ वाजत होता. मी म्हटलं, चला, येतील ते. जागेश्वर हलले नाहीत. मग मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, चला.

गेलो.

मागच्या चार गाड्या फाट्यावर आल्या. उभं कुणी नाही, आणि डफ ऐकू येतोय तुमच्या गावातून. ते तिकडेच वळले. त्यांना अंगणात बसवून पोहे कुणी दिले, हे तुला माहीत आहे. ते आमच्यापाशी पोचले दोन तासांनी. त्यांच्यातल्या परसराम मास्तरांना तू माझी कोण हे ठाऊक नाही, म्हणून सगळी हकीकत त्यांनी हसत हसत सांगितली. तू विचारलंस, "पुढच्यानं वाट पाह्यली नाही काहून?" ते म्हणाले, पुढं आमच्या मोठ्या बाई होत्या, शोभाबाई. तू आत गेलीस. त्यांना वाटलं, साखर आणायला. बऱ्याच वेळानं फडक्यात बांधलेले शिंगाडे घेऊन आलीस.

"त्यायले देजा. सोलून हायेत म्हना, घाईतबी खाता येतीन."

काटा टोचेल म्हणून लहानपणी मी शिंगाड्याला हात लावत नसे. तू सोलून द्यायचीस, मी तुझी गणितं करून द्यायची. विजू, मी ते कुणाला दिले नाहीत. भर मंडईत सगळ्यांकडे पाठ करून एकटीनं खाल्ले.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

चौऱ्याहत्तरच्या वैशाखात आईला नेताना लोक म्हणत होते, विजूची तीनची बस येऊ द्या. मी तुला नंतर सांगितलं की ऊन फार होतं, ठेवता येत नव्हतं. ठेवता येत होतं. तासाभराचाच प्रश्न होता. तू बी. ए. अर्धं टाकून लग्न केलंस हा राग होताच, पण कारण ते नव्हे. दोन वर्षं तिचं पथ्यपाणी मी केलं, आणि शेवटचे दोन दिवस ती हाका मारत होती तुला. मी उशाशी बसलेली. म्हणून मी म्हटलं, चला. त्याच आवाजात.

तू घाटावरून परत आलीस आणि एवढंच विचारलंस, "ताई, एक तास?" मी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी परतताना आमची गाडी मुद्दाम शेवटी ठेवायला सांगितली. तुमच्या फाट्यावर आलो तर चारही गाड्या मोहाखाली आमच्यासाठी उभ्या. ऊन पिवळं झालं होतं. जागेश्वरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाई, जाचं हाये का तिकडं?" त्यांनी गाडी बंद केली. कुणी घाई केली नाही. खूप वेळानं मीच म्हटलं, आज नको. लोकांसोबत, गाडीवरून उतरून, असं मला तुझ्या दारात यायचं नव्हतं.

येत्या रविवारी पौर्णिमा आहे. सकाळच्या एसटीनं मी त्या फाट्यावर उतरेन. घरी येणार नाही, तेवढा हक्क मी ठेवलेला नाही. मोहाखाली उभी राहीन. यायचं की नाही ते तू ठरव. परतीची शेवटची बस पाचला असते म्हणतात. ती गेली तरी चालेल.

फडकं धुऊन घडी करून ठेवलं आहे. घेऊन येते.

तू दिसेपर्यंत न हलणारी,
ताई