पाठमोऱ्या मुलीचा हुंकार

४ जुलै

चि. बडबडीस,

अनेक आशीर्वाद आणि एक चापटी. वसतिगृहात जाऊन तीन आठवडे झाले आणि तुझं एकच पोस्टकार्ड आलं, तेही अर्धं कोरं. जिच्या तोंडाचा पट्टा थांबावा म्हणून आम्ही बिस्किटांचा पुडा पुढे करायचो, तिने इतकं जपून लिहावं?

माझं बरं चाललंय. परवा एका परदेशी सिनेमाचं डबिंग संपलं. गोष्ट सोळा वर्षांच्या मुलीची आणि आवाज तुझ्या सेहेचाळीस वर्षांच्या मावशीचा! चपला बाहेर काढायच्या, टाचा उंच करून उभं राहायचं, की आवाज आपोआप लहान होतो. पोटातली गुरगुर माईकने ऐकू नये म्हणून आधी दोन बिस्किटं खायची. सहा दिवस त्या काचेच्या खोलीत मी खिदळले, रडले, आईशी कडाकडा भांडले. घरी आले तर बोलायला भिंती. शनिवारी संध्याकाळी मिटलेलं तोंड सोमवारी सकाळी उघडलं, तेव्हा आवाज गंजलेला निघाला. सवय आहे गं, तू काळजी करू नकोस.

तुमच्या कॉलेजच्या चित्रपट मंडळात यंदा वयात येणाऱ्या मुलामुलींचे सिनेमे दाखवणार आहेत, असं तुझी आई म्हणत होती. हा आला तर नक्की बघ आणि मावशी ओळखू येते का ते कळव.

माया आहेच, पत्रांचं तेवढं बघ.

तुझी मावशी

२२ जुलै

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. चापटी पोचली. सिनेमाही पोचला!

मंडळात मला काम मिळालंय. मागच्या खोलीत प्रोजेक्टरशेजारी बसून आवाजाचं बटण सांभाळायचं. प्रोजेक्टर चालवतो तो माझ्याच वर्गातला. त्याला सगळे चष्मिस म्हणतात, कारण चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली आहे. इथे माझ्याशी नीट बोलणारा तोच एक. खोलीतल्या मुलींचं आधीपासूनच मेतकूट जमलेलं आहे, त्यात मी उपरी. चष्मिस पुस्तकं देतो, फाटकापर्यंत सोबत येतो. चिडवू नकोस.

तू पहिल्याच वाक्यात ओळखू आलीस. इतकं बरं वाटलं की मी आवाज जरा मोठाच केला. पण नंतर चर्चेत गंमत गेली. रिकाम्या घराच्या दारात तो मुलगा तिला आत ये म्हणतो, तो प्रसंग आठवतो ना? आपल्याला तिची फक्त पाठ दिसते, ती हं म्हणते आणि दार लागतं. पुढचा सगळा सिनेमा ती त्यातून सावरत असते. आमच्यातली निम्मी मुलं म्हणाली, की हं म्हणून आत गेली, मग नंतर कांगावा कशाला. काही मुलीही तेच म्हणाल्या. चष्मिसनेही मान डोलावली. मी गप्प बसले, कारण हं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तरी तिच्या पाठीकडे बघून मला ते खरं वाटत नव्हतं.

मावशी, मूळ सिनेमात ती काय म्हणते?

उत्तर लवकर दे. इथे टपाल वाटतात तेव्हा सगळ्यांची नावं पुकारतात, माझं क्वचित येतं.

तुझी बडबडी

३० जुलै

चि. बडबडीस,

अ. आ. ओळखलंस! जीव भांड्यात पडला.

मूळ सिनेमात ती काहीच म्हणत नाही. अकरा सेकंद नुसती उभी असते. आमचे डबिंग करून घेणारे साहेब म्हणाले, की इतकं रिकामं ठेवलं तर लोकांना वाटेल आवाज गेला, शिट्ट्या वाजवतील, काहीतरी भरा. पाठमोरं माणूस म्हणजे आम्हाला सुट्टीच असते, ओठ जुळवायला नकोत. मी तीन प्रकारचे हं दिले. तिसरा पसंत पडला, जरा लाजरा होता तो. सगळ्या सिनेमातलं तेवढं एक माझं स्वतःचं, बाकी सगळं कागदावरचं. आहे की नाही तुझी मावशी हुशार?

आता त्या चष्मिसबद्दल. पुस्तकं परत वेळेवर देत जा आणि दोऱ्याऐवजी एक बारीक खिळा सुचव. चिडवत नाही, नुसतं लिहितेय.

घराला रंग द्यावा म्हणते आहे. मग वाटतं, बघणार कोण.

जेवण वेळेवर घे, आणि मला विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी मावशी

२१ ऑगस्ट

मावशी,

नमस्कार. उशीर झाला. लिहायचं नव्हतं, पण दुसरं कुणी नाही.

मागच्या शुक्रवारी सिनेमा संपल्यावर आम्ही मागच्या खोलीत वायरी गुंडाळत होतो. चष्मिसने विचारलं, तुला जवळ घेऊ का. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मला तो आवडतो की नाही, हे मला माहीत नव्हतं. मी विचार करत होते. तेवढ्यात त्याने माझे खांदे धरून मला वळवलं आणि तोंड जवळ आणलं. मी त्याला ढकललं. रिळांच्या डब्यांची उतरंड कोसळली, दोन मुलं धावत आली.

तो खोटं बोलत होता असं नाही, त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं. तो म्हणाला, की तू नाही कुठे म्हणालीस. म्हणाला, त्या सिनेमातली मुलगीसुद्धा तशीच उभी राहते आणि मग हं म्हणते, मुलींचं असंच असतं. आता कॉलेजभर झालंय, की मीच आधी तयार होते आणि मग आरडाओरडा केला. जेवणाच्या टेबलावर मी बसले की बाकीच्या ताटं उचलतात. आईला सांगू नकोस.

त्या मुलीने हं म्हटलंच नव्हतं. तू म्हणालीस.

२८ ऑगस्ट

चि. बडबडीस,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. आधी हे ऐक: तू काहीही चुकीचं केलेलं नाहीस. गप्प राहून विचार करायचा तुला हक्क होता, आणि तुझं उत्तर येईपर्यंत थांबणं त्याचं काम होतं. तुला वाटलं तर तुमच्या मंडळाच्या सरांना सांग. नको वाटलं तर नको. तुझ्या आईला मी काही कळवलेलं नाही.

मंगळवारी स्टुडिओत गेले आणि साहेबांना म्हटलं, तो हं काढून टाका. ते आधी हसले. मग म्हणाले, की सगळ्या प्रती कधीच बाहेर गेल्या, आणि एका हुंकाराने असं काय आकाश कोसळलं. मला नीट सांगताच आलं नाही. दुसऱ्यांची वाक्यं बोलून पोट भरणारी बाई मी, स्वतःचं एक वाक्य धड बोलू शकले नाही. जिना उतरताना रडू आलं, आणि तेही आवाज न करता, सवयीने.

तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगते. मी चोवीस वर्षांची असताना मला मागणी आली होती. तुझ्या आजोबांनी माझं मत विचारलं. मी कपाटाकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि खरंच विचार करत होते. मागून तुझी आई म्हणाली, की तिचा होकार आहे, लाजतेय नुसती. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तिला फक्त ती शांतता सोसवत नव्हती. ते लग्न दीड वर्ष टिकलं. तेव्हापासून ही खोली आणि ही एक खुर्ची. इतकी वर्षं मी मनात तुझ्या आईवर खापर फोडत आले आणि वेळ आल्यावर तेच मी त्या सिनेमातल्या पोरीच्या बाबतीत केलं. मला कळायला हवं होतं गं. दुसऱ्या कुणाला नाही तरी मला.

माफ करशील का, हे आत्ता विचारत नाही. सावकाश सांग. नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझीच,
मावशी

१९ सप्टेंबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. मी सरांना सांगितलं. तुझं ३० जुलैचं पत्रही दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, हे पत्र मंडळात वाचून दाखवू. मी नाही म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं, तेच दचकले! मी म्हटलं, तोच सिनेमा परत लावा आणि बटण माझ्या हातात राहू द्या.

काल लावला. दाराचा प्रसंग आला तशी मी आवाज पार खाली आणला. तुझे साहेब म्हणाले होते तस्संच झालं. पोरं आवाज, आवाज म्हणून ओरडायला लागली, शिट्ट्या, कुणीतरी कागदाचा बोळा फेकला. मी बटण सोडलं नाही. अकरा सेकंद फार असतात, मावशी. सातव्या-आठव्याला ओरडणं थकलं आणि सगळे तिच्या पाठीकडे बघायला लागले. दार लागल्यावर मी आवाज परत वर केला. नंतर नऊ नंबरच्या खोलीतल्या मुलीने विचारलं, की ती काय म्हणाली ते ऐकूच आलं नाही. मी सांगितलं, की ती काही म्हणालीच नाही.

सिनेमा संपल्यावर चष्मिसला रिळांच्या डब्याचं झाकण लावता येईना. आज वर्गात तो उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, की त्या दिवशी तिने हो म्हटलेलं नव्हतं, चूक माझी होती. त्याचा आवाज चिरकला, दोघं-तिघं हसले. मी त्याला माफ केलंय की नाही ते अजून ठरवलेलं नाही. टेबलावर अजून एकटीच असते. नऊ नंबरवाली एकदा शेजारी बसली, पण मीठ घेऊन गेली.

तुझ्यावर रागावले होते. आता थोडाच राग उरलाय.

सुट्टीत आईकडे जायच्या आधी आठ दिवस तुझ्याकडे येऊ का? नको असेल तर सरळ नाही म्हण, मला वाईट वाटेल पण चालेल. पण उत्तर आलं नाही तर मी येणार नाही. तुझ्या गप्प राहण्याला मी हो धरणार नाही.

तुझी बडबडी

२५ सप्टेंबर

चि. बडबडीस,

अनेक आशीर्वाद.

हो. ये.

लिहिण्याआधी खोलीत उभी राहून मोठ्याने म्हणून पाहिलं, दोन्ही टाचा जमिनीला टेकवून. जरा घोगरं निघालं. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, की तुमच्याकडे कुणी आलंय का. मी म्हटलं, यायची आहे.

मावशी