सूर्य पेटला होता, बाबा

तीर्थरूप बाबांना,

रेवतीचा वाकून नमस्कार. तुम्ही पहिलं विचाराल ते आधी सांगून टाकते: दिवे आहेत. (वीज केंद्राच्या कॉलनीत आयुष्य काढलेली माणसं फोनवर 'कसे आहात' न विचारता 'दिवे आहेत ना?' विचारतात, हे लग्नानंतर मला कळायला जरा वेळ लागला.) तुमचा गुडघा कसा आहे? भुसावळचं ऊन उतरलं का? इथे गाझियाबादला ते उतरत नाही, नुसतं धुरकट होतं. कृतिका मजेत आहे. 'आजोबांना बोल, बहुत मिस करते यार' हा तिचा निरोप जसाच्या तसा कळवते. मराठी सुधारायची जबाबदारी तुमची.

फोन सोडून पत्र का, तर घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. गेल्या दिवाळीत जेवताना सुधन्वा तुम्हाला म्हणाला की कोळसा आता संग्रहालयात ठेवायचा, यापुढे सूर्यात होते तशी वीज आपण जमिनीवर तयार करणार, धूर नाही की राख नाही. तुमची सगळी नोकरी कोळशाच्या केंद्रात गेलेली. तुम्ही मान वर न करता एवढंच म्हणालात, "आधी तुझा सूर्य पेटव, मग फोन कर." बाबा, तुम्ही ते रागाने म्हणालात हे मला कळलं. पण तुमचा मुलगा केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. त्याने ती अट म्हणून नोंदवून घेतली. तेव्हापासून मी आठवण करून दिली की म्हणतो, रविवारी करतो. ऑफिसात तो या फ्यूजनवरच टिपणं लिहितो. मी लग्न होऊन दिल्लीला आले तेव्हा ती वीज तीस वर्षांवर होती, आणि परवाच्या टिपणातही ती तीस वर्षांवरच आहे. त्याच्या रविवाराचं अंतरही असंच कायम आहे.

त्याने मला समजावलं ते असं. हायड्रोजनचे दोन जड भाऊ एकमेकांत मिसळायचे. त्यासाठी पंधरा कोटी अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती कुठल्याच भांड्यात मावत नाही म्हणून चुंबकांनी अधांतरी धरायची. इंधन समुद्राच्या पाण्यात भरपूर. (एकच भाऊ भरपूर आहे. दुसरा इतका दुर्मिळ की तो भट्टीतच तयार करून घ्यावा लागेल, हे सुधन्वा जरा हळू आवाजात सांगतो.) अमेरिकेत तर घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर आली म्हणे. मी विचारलं, घातली म्हणजे किती? तर लेसरने इंधनाच्या गोळीवर टाकली तेवढीच धरायची. लेसर चालवायला मीटरमधून कितीतरी पट गेली ती नाही धरायची. सुधन्वा दहा मिनिटांत पिठलं करतो ते याच हिशोबाने. कांदा मी चिरलेला असतो आणि ओटा मी पुसणार असते.

असो. यंदा आमच्या सोसायटीच्या मराठी मंडळाच्या गणपतीची आरास त्याच्याकडे आली. (दुसरं कोणी तयार नव्हतं. मंडळाच्या अध्यक्ष प्रमोदिनीताई याला एकमताने निवड म्हणतात.) त्याने फ्यूजनची भट्टी करायची ठरवली. ती मेदूवड्यासारखी असते, आणि मधल्या भोकात गणपती. ट्रकच्या टायरची ट्यूब आणली, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळली, आतून गुलाबी दिवे, भोवती हॅलोजन, वर धुराचं यंत्र. एवढं सगळं त्याने घरच्या इस्त्रीच्या एक्स्टेंशन बोर्डावर जोडलं. पंधरा कोटी अंशांचा अभ्यास असलेल्या माणसाने बोर्डावर किती अँपिअर लिहिलेत ते वाचलं नव्हतं. मी दाखवायला गेले तर म्हणाला, ही इंजिनिअरिंगची बाब आहे, पुढे सुटेल.

आरतीला बटण दाबलं. खरं सांगते, फार सुंदर दिसलं. गणपतीमागे गुलाबी कडं उजळलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या थांबायच्या आत तडतड झाली, रबर जळल्याचा वास सुटला आणि आमच्या इमारतीसकट सगळं काळं झालं. लिफ्टमध्ये प्रमोदिनीताई मोदकांच्या डब्यासह अडकल्या. सोसायटीचा डिझेल जनरेटर धडधडत सुरू झाला तेव्हा त्या बाहेर आल्या, डबा बराच हलका घेऊन. स्वच्छ ऊर्जेचा देखावा डिझेलच्या धुरात पार पडला. सुधन्वाने त्याला तिथल्या तिथे 'प्राथमिक यश' म्हटलं.

पण मधल्या काळोखात एक झालं, त्यासाठी हे पत्र. दिवे गेले त्या क्षणी सुधन्वा मोठ्याने म्हणाला, "बाबा, दिवे गेले." लहानपणी भुसावळच्या घरात मारायचा तशी हाक, डोक्यात येण्याआधी तोंडातून गेलेली. कृतिका म्हणाली, "पापा, आजोबा इथे कुठे आहेत यार?" फोनची बॅटरी लावायला म्हणून त्याने खिशातून फोन काढला, पण बॅटरी लावली नाही. उजेड फक्त त्याच्या चेहऱ्यावर पडला होता, आणि पडद्यावर तुमचं नाव होतं. जनरेटर लागला तसा त्याने फोन खिशात टाकला.

तब्येतीला जपा.

तुमची,
रेवती

ता. क. तुमची अट सूर्य पेटवायची होती, पेटता ठेवायची नव्हती. जगातले मोठमोठे शास्त्रज्ञही सध्या एवढ्यावरच समाधान मानतात. तेव्हा अट पुरी झाली असं धरावं.

आणखी ता. क. सुधन्वाने हे पत्र वाचलं. टायर ट्रकचा नव्हता, ट्रॅक्टरचा होता, एवढी एकच दुरुस्ती त्याने सांगितली. पत्र पोस्टात मीच टाकतो, म्हणाला. रविवारी. म्हणून मी त्याच्या हातून काढून घेतलं.

शेवटचं. सुरुवातीला दिवे आहेत असं लिहिलं ते आमच्या घरापुरतं. गणपतीपुढे अजून समई आहे. सुधन्वा टेस्टर घेऊन त्या जळक्या तारांपाशी बसतो आणि इलेक्ट्रिशियनला हात लावू देत नाही. तुम्ही फोन करा आणि नेहमीचं तेवढंच विचारा. तुमच्याशी तो त्या बाबतीत खोटं बोलणार नाही.