ट्रकमधली जागा

फेंगलिन
गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय आ-श्यांग,

आशीर्वाद. सहा वर्षांनी तुला हा शब्द लिहितेय, तर हातच अवघडल्यासारखा झालाय. तू, मेई-फांग आणि छोटी बरी असाल. इथे शेंगा काढून झाल्या, यंदा दाणा बारीक आहे. भट्टी तीन दिवस बंद आहे. मी दमलेय, एवढंच माझं कुशल.

बाबा गेल्याचं काकांनी तुला फोनवर कळवलंच. तू म्हणालास म्हणे, "ताई बोलावेल तर येईन." काकांनी हे मला चार माणसांदेखत सांगितलं आणि वर म्हणाले, "आता बस तू नाक वर करून." भांडायचंही त्राण नाही.

काय झालं ते तरी तुला नीट कळायला हवं. रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "उद्या दाणे पोचवायला युलीला जातेस ना? माझी सायकल मागे टाक. युलीला मला उतरव, पुढचं मी बघतो." युलीच्या पुढे त्यांचं कोण आहे हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. म्हटलं, "ट्रक पोत्यांनी भरलाय. जागा नाही." ते मान खाली घालून सूप पीत राहिले. सोमवारी मी गेल्यावर ते सायकल घेऊन निघाले. शहात्तरावं वर्ष, आणि गिअरसुद्धा नसलेली ती जुनी सायकल!

रात्री ते युलीच्या देवळात झोपले. मंगळवारी सकाळी फूलीच्या पोलीस चौकीत चाकांत हवा भरून घेतली. "मुलाकडे चाललोय, लुयेला. संध्याकाळच्या जेवणाला पोचतो," असं तिथल्या पोलिसाला म्हणाले. तासाभराने भातखाचरापाशी एका झाडाखाली ते शेतकऱ्याला दिसले. सायकल नीट स्टँडवर लावलेली, बाबा शेजारी टेकून बसलेले. झोपलेत असंच त्याला वाटलं. पुढच्या टोपलीत भाजलेल्या दाण्यांच्या दोन पिशव्या होत्या. एकीवर छोटीचं नाव लिहिलंय.

शववाहिकेत काका बसले आणि मी सायकल आणायला ट्रक घेऊन मागे. सायकल मी आडवी टाकली, तर काका तिथेच ओरडले, "आडवी? त्याने जन्मात कधी ती आडवी होऊ दिली होती का? उभी कर!" मग पोलिसाने दोर दिला आणि आम्ही ती दोन्ही बाजूंनी बांधून उभी केली. नंतर दर पुलाला, "दादा, पूल आलाय, चल!" अशी काकांनी हाक द्यायची, नाहीतर जीव अलीकडेच अडकतो. आपल्या रस्त्यावर पूल किती, तुला माहीत आहे. मागून मीही काच खाली करून सायकलला हाका मारत होते. स्कूटरवाले वळून बघत होते.

घराबाहेर जीव गेला की माणसाला घरात घेत नाहीत, म्हणून अंगणात मांडव घातला. "दादा, आलास का?" असं विचारून काकांनी दोन नाणी टाकली. एक छापा, एक काटा पडला की हो. तीनदा टाकली, तिन्ही वेळा नाही. काकू म्हणाली, "तुम्ही कुठल्यातरी पुलावर डुलकी काढलीत." काका भडकले, "माझा घसा बघ कसा बसलाय!" मग भूक लागली का विचारलं, बूट हवेत का, सायकल हवी का. सगळ्याला नाही. दोन दिवस हेच चाललंय. मी चहा करून देतेय आणि गप्प आहे.

कारण मला माहीत आहे, आ-श्यांग. ट्रक भरलेला नव्हता. अर्धीच पोती होती. तेवढ्यावर निभावलं असतं तरी बरं. सोमवारी दुपारी मी युलीहून रिकामी परतत होते आणि रुइस्वेईजवळ समोरून बाबा आले, वाकून पेडल मारत. त्यांनी माझा ट्रक ओळखला. हँडलवरचा एक हात उचलला. मी थांबले नाही. मनात म्हटलं, जा तुमच्या लाडक्याकडे, पाय दुखले की याल परत. आरशात पाहिलं तर ते सायकल थांबवून मागे बघत होते. रात्री घरी आले नाहीत, तरी मी जेवले आणि झोपले.

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहितेच आहे तर आणखी एक. आईच्या वेळी तू नऊ दिवसांनी आलास. वादळाने रस्ता बंद होता म्हणालास आणि मी तुला मांडवातून हाकललं. रस्ता खरंच बंद होता. मला तेव्हाही ते ठाऊक होतं. आईचं सगळं मी एकटीने केलं होतं, कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि तू समोर आलास.

आज पहाटे मांडवात कुणी नसताना मी स्वतः नाणी घेतली. विचारलं, "बाबा, आ-श्यांगकडे जायचंय का?" एक छापा, एक काटा. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग तिथेच खाली बसून रडले.

सोमवारी त्यांचा सातवा दिवस, जीव घरी यायचा दिवस. त्याआधी त्यांचं जाणं पुरं व्हायला हवं. शनिवारी सकाळी सायकल ट्रकमध्ये उभी बांधून मी लुयेला येते. फूलीच्या त्या झाडापाशी थांबून त्यांना घेईन, पुढच्या प्रत्येक पुलाला हाक देईन. संध्याकाळी त्यांना तुझ्या टेबलावर एक वाटी भात वाढ. मला दाराबाहेर ठेवलंस तरी चालेल, सायकल मात्र आत घे.

आणि रविवारी तू माझ्याबरोबर ट्रकमध्ये बस. येताना हाका तू मार. मी हाक दिली तर त्यांनी का यावं?

मागे पोती नसतील. मेई-फांग आणि छोटीसुद्धा आल्या तरी त्यांच्या सामानाला जागा आहे.

बोलावतेय,
ताई