शेवटची पाचर

गेल्या वर्षी एका सकाळी मी सगळ्यांच्या आधी कारखान्यात पोचलो आणि गिऱ्हाईकासाठी बांधलेल्या, रंग वाळलेल्या नव्या होडीत जाऊन बसलो. होडी अजून जमिनीवर, ठोकळ्यांवरच होती. डबा उघडून दोन घास खाल्ले. आयुष्यभर होड्या बांधल्या, पण होडीत बसून जेवण्याची ती पहिलीच वेळ. तेवढ्यात थोरला भाऊ आला. "उतर खाली! गिऱ्हाईक येतंय. आणि बसलास ती फळी पुसून घे."

मी उतरलो. फळी पुसली. हे मृत्युपत्र तेव्हाच मनात लिहायला घेतले.

मी, होड्या बांधणारा सुतार, वय पन्नाशीच्या उंबरठ्यावर, शिक्षण गावच्या शाळेत झाले तेवढे, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. दादाला तसे वाटत नाही. "या वयात समुद्र? तुला साधं पोहता तरी येतं का?" असे तो चारचौघांत म्हणाला आहे. पोहता येते. हे मी कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही; दबावाखाली होतो तेव्हा फक्त कामच केले. स्वतःसाठी बांधलेल्या होडीतून मी किनाऱ्याकिनाऱ्याने जमेल तितके लांब जाणार आहे. परत आलो तर हा कागद फाडीन. न आलो तर असे व्हावे.

कलम पहिले. बँकेतली शिल्लक बायकोची. पण ती माझ्याबरोबर येते आहे. "तुम्ही बुडालात तर मी काठावर बसून काय तुमचे कपडे वाळवू?" असे तिचे म्हणणे. दोघेही न आलो तर सगळे मुलीला.

कलम दुसरे. घरातली माझी वरची खोलीही मुलीला. ती मुलांना नाच शिकवते. वर्ग त्याच खोलीत भरवावा. खाली दादा दुपारी झोपतो, हे मला माहीत आहे.

कलम तिसरे. रंधे, पटाश्या, करवती कारखान्यातल्या कामगारांनी वाटून घ्याव्यात. कचेरीतले फोटो दादाकडेच राहावेत. प्रत्येक फोटोत तो नव्या होडीत हात वर करून बसला आहे आणि कडेला माझे कोपर आहे. ते कोपर कापू नये.

कलम चौथे. वडिलांच्या वाटणीत शेड दादाला मिळाली आणि पाण्याकडची उतरण मला. "चिखल तुला," म्हणून दादा हसला होता. त्या चिखलावरून गेल्याशिवाय त्याची एकही होडी पाण्यात जात नाही, हे त्याच्या अजून ध्यानात आलेले नाही.

होडी सोडताना तिच्याखालची, तिला अडवून धरणारी शेवटची पाचर लाकडी मोगरीने सरळ ठोकून काढावी लागते. पाचर काढणारा काठावर राहतो. मालक होडीत बसून पाण्यात जातो. आमच्याकडे पाचर नेहमी मीच काढली. "तुझ्यासारखा हात कुणाचा आहे रे?" असे म्हणून दादा होडीत चढायचा. या एका कौतुकावर माझी उमेदीची वर्षे गेली.

म्हणून उतरण दादाला देतो, तीही मी निघताना लगेच, पण एका अटीवर. माझ्या होडीपासून पुढे प्रत्येक होडीची शेवटची पाचर त्याने स्वतः काढावी आणि काठावर उभे राहून होडी जाताना बघावी. मोगरी दुसऱ्याच्या हाती दिली, की उतरणीवरचा त्याचा हक्क संपला; मग ती खाडीपलीकडच्या काठावर होड्या बांधणाऱ्या आमच्या स्पर्धकाची. दादा त्याला 'खिळेमाऱ्या' म्हणतो. अटीवर देखरेखही खिळेमाऱ्यानेच ठेवावी. तो आनंदाने ठेवील.

हे कलम मी देवापुढे बसून वाचले. सूड नको असेल तर खूण कर, म्हणालो. दिव्याची ज्योत हललीसुद्धा नाही. कलम ठेवले.

कलम पाचवे. वरचे सगळे काल घरी लिहिले, हे होडीत लिहितो आहे. आज सकाळी दादाला चौथे कलम वाचून दाखवले आणि मोगरी त्याच्या हातात दिली.

"वेड लागलंय का तुला? मला कुठं जमतं ते?"

"तुझ्यासारखा हात कुणाचा आहे रे, दादा?" मी म्हणालो आणि चढलो. पाय पुसले नाहीत.

पाचर तिरकी निघाली. होडी एका अंगावर कलली, डाव्या बाजूचा रंग खरवडला, बायकोने माझी बंडी धरली. पण पाण्यात शिरल्यावर होडी सरळ झाली. तो ओरखडा मी रंगवणार नाही. दादा चिखलात उभा होता. "उतर खाली! बोलू जरा!" तो ओरडला. मग हळू आवाजात आणखी काही म्हणाला. ते ऐकू आले नाही. मध्ये पाणी होते.

साक्षीदारांना सह्यांसाठी कमरेइतक्या पाण्यात यावे लागले, त्याबद्दल त्यांची माफी मागतो. पण काठावर मी उतरलो नाही. कागद साक्षीदारांकडे देतो आणि दोरी सोडतो.

लिहून ठेवणारा : (सही)

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली म्हणून :
कारखान्याचा रंगारी (सही)
टपाल वाटणारा (सही, हात ओला असल्याने शाई पसरली आहे)

ठिकाण : होडीत
दिनांक : ९ नोव्हेंबर, ओहोटी लागताना