चौदा नंबरच्या पायवाटेची विल्हेवाट

मी, टॅमसिन रूथ गॅडस्बी, वय सव्वीस, धंदा त्या त्या महिन्यात मिळेल तो, राहणार सध्या ओव्हर थ्रेलबी येथील दिवंगत हेस्टरआत्याच्या घरी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गावाचे मत वेगळे आहे, पण पंचायतीने अजून तसा ठराव केलेला नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही की पाजलेलीही नाही. येत्या सोमवारी मी एका शिडाच्या जहाजावर कामाला लागून अझोर बेटांकडे निघते आहे आणि मला पोहता येत नाही, म्हणून हा कागद. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, कारण याआधी ठेवण्यासारखे काही नव्हते.

१. आत्याने मला ठेवलेले घर माझ्या वडिलांना द्यावे. ते विकतील. विकू देत. छप्पर कुठे गळते ते मात्र त्यांना आधी सांगू नये. आत्याला त्यांनी नऊ वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

२. माझा तंबू आणि बूट ज्याला बसतील त्याचे. डाव्या बुटात खडा आहे, तो स्कॉटलंडपासून आहे, काढू नये.

३. तालुक्याचा माझा नकाशा तालुका नियोजन कार्यालयास. आमचे गाव त्याच्या घडीवर येते, आणि उघडमीट करून तिथे भोक पडले आहे. कार्यालय तीस मैल लांब नेल्यापासून तिथल्या मंडळींना गाव असेच दिसते. त्यामुळे त्यांची गैरसोय होणार नाही.

४. माझी वाळुंजाची काठी चर्चच्या कोपऱ्यात टेकवून ठेवावी. ही हद्द फिरायच्या दिवसाची काठी. त्या दिवशी सगळे गाव शिवेवरून चालते, दगडांना काठ्या मारते आणि एखाद्या पोराला उलटे धरून दगडावर हलकेच आपटते, म्हणजे हद्द जन्मभर लक्षात राहते. मी सात वर्षांची असताना सातव्या दगडावर मला श्री. क्लाइव्ह पर्सलो यांनी आपटले. तेव्हा ते पंचायतीचे नवे सभासद होते आणि उत्साह दांडगा होता. पुढे मी शाळेत भूगोलात दोनदा नापास झाले, पण हद्द विसरले नाही. साहेब आता अकरा वर्षे अध्यक्ष आहेत. त्यांना कोणी आपटले नव्हते, हे पुढच्या कलमावरून दिसेल.

५. सातव्या दगडापासून बसथांब्यापर्यंतची पट्टी. रुंदी चार यार्ड, गवत, एक फाटक, आत्याकडून मला आलेली. हिच्यावरूनच चौदा नंबरची पायवाट जाते. खालच्या आळीला डॉक्टरकडे जायला हीच वाट. नाहीतर दोन मैलांचा वळसा, तोही हमरस्त्याच्या कडेने, ट्रकच्या वाऱ्यात. नोरा ट्रँटर, म्हणजे आमच्या नोरामावशी, नवऱ्याला, वॉल्टरना, चाकाच्या खुर्चीत घालून आठवड्यातून दोनदा इथूनच ढकलत नेतात. पट्टीच्या मागे पर्सलोसाहेबांचे तळ्याकडचे शेत आहे. तिथे त्यांना अकरा घरे बांधायची आहेत, आणि रस्ता काढायला ही पट्टी सोडून जगात जागा नाही.

आता पायवाट कशी हरवली ते. तालुक्याने पत्र पाठवले की वापरातल्या पायवाटांची यादी अठ्ठावीस दिवसांत कळवा. जी यादीत नाही ती वाट नाही. चौदा नंबर बरोबर हद्दीवरून जाते, अर्धी आमची, अर्धी शेजारच्या नेदर थ्रेलबीची. आमच्या चिटणीस ग्वेनबाईंना वाटले, ते कळवतील. त्यांच्या चिटणिसांना वाटले, ओव्हर थ्रेलबीवाले कळवतील. विचारायचे कोणी? फुलाफळांच्या प्रदर्शनात एका भोपळ्याच्या वजनावरून दोन्ही गावांचे सहा वर्षे बोलणे बंद आहे. यादी पर्सलोसाहेबांपुढे गेली. त्यांनी नेहमीसारखी न बघता सही केली, खाली आपला लाडका रबरी शिक्का मारला: ‘वाचले, बरोबर आढळले.’ झाले.

पुढच्या सभेत नोरामावशी उभ्या राहिल्या.

“साहेब, चौदा नंबर कुठे गेली?”

“जाईल कुठे? यादीत बघा.”

“यादीत नाही.”

“मग ती वाट नव्हतीच, बाई.”

“अहो, काल मी वॉल्टरला तिच्यावरूनच आणलं!”

“तर मग काल तुम्ही विनापरवाना आलात,” साहेब म्हणाले, आणि सभा हसली. मीही हसले होते. ते मला अजून लागते.

तेव्हापासून ती वाट फक्त मालकाच्या, म्हणजे माझ्या, मर्जीवर उघडी आहे. मी बुडाले आणि कागद नसला, तर पट्टी वडिलांकडे जाईल आणि तिथून साहेबांकडे, मधे फार तर एक जेवण.

६. म्हणून सदर पट्टी मी श्री. क्लाइव्ह पर्सलो यांना देते. लिहिताना चूक झालेली नाही. हा वारसा कोणत्याही कारणाने रद्द झाल्यास पट्टी नोरा ट्रँटर यांची.

कारण ग्वेनबाईंनीच सांगितले, किटली ठेवता ठेवता. “अगं पोरी, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नसते. केली की कागद पक्का राहतो, पण त्याचा वाटा जातो. माझ्या मावसभावाचं भिंतीवरचं घड्याळ असंच गेलं.”

मी म्हटले, “मग दुसरे साक्षीदार साहेबच घेऊ. सभेनंतर बाकी कागदांच्या चळतीत ठेवा.”

नोरामावशी भडकल्या. “वेड लागलंय का? त्याने वाचलं तर?”

“अकरा वर्षांत वाचलंय?”

“माझ्या वॉल्टरच्या खुर्चीवर पैज नको लावूस, टॅम.”

त्यांचे खरे होते. पण पट्टी सरळ त्यांना दिली, तर साहेब जन्मभर म्हणणार, ‘मला कोणी आधी सांगितलेच नाही.’ ते वाक्य म्हणायची सोयच मला त्यांना ठेवायची नाही. मावशींनी चहा संपवला आणि म्हणाल्या, “बरं. पण सही कुठे करायची तिथली फुली मोठी कर. त्याला शोधायला लावलंस तर वाचायला लागेल.”

तर पर्सलोसाहेब, हे वाचत असाल तर लेखणी खाली ठेवा. सही करू नका. पट्टी तुमची, मी शब्द फिरवणार नाही. तालुक्यात एक अध्यक्ष वाचणारा निघाला, ही बातमी मी कुठल्याही बेटावर आनंदाने ऐकेन.

७. अंमलबजावणी ग्वेनबाईंनी करावी. त्या साक्षीदार असल्याने त्यांना काही ठेवता येत नाही, नाहीतर माझी किटली त्यांचीच होती.

वरील सर्व मी राजीखुशीने लिहिले असून दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करते.

टॅमसिन रूथ गॅडस्बी

ठिकाण: सभागृह, ओव्हर थ्रेलबी, चहाच्या पिंपाजवळचे टेबल
दिनांक: गुरुवार, १६ मे २०१९, सायंकाळी साडेसात

साक्षीदार पहिले: ग्वेन्डोलिन स्पूनर, चिटणीस. मजकूर मीच टंकला आहे. या वेळी काही राहिलेले नाही.

साक्षीदार दुसरे: ✗ सी. आर. पर्सलो, अध्यक्ष
शिक्का: वाचले, बरोबर आढळले.